साधी आणि कंपाउंड गिअर ट्रेन: दाते ठरवण्यापासून जुळणीपर्यंत

गिअर ट्रेनचे, म्हणजे एकमेकांत जुळून फिरणाऱ्या गिअरच्या साखळीचे, गुणोत्तर काढायला दोन मिनिटे पुरतात. वेळ जातो तो त्यानंतर. काढलेले दाते दोन शाफ्टमधल्या अंतरात बसत नाहीत, पिनियनला (जोडीतल्या लहान गिअरला) कीवे, म्हणजे गिअर शाफ्टला धरून ठेवणाऱ्या कीची खाच, मारल्यावर खाली मटेरियल उरत नाही, मधल्या शाफ्टवरचा मोठा गिअर तिसऱ्या शाफ्टला घासतो. म्हणून या लेखात गुणोत्तराचा भाग थोडक्यात आहे. दाते, जागा आणि झीज यांवर जास्त भर आहे. सगळी चर्चा स्पर गिअरची, म्हणजे शाफ्टला समांतर सरळ दाते असलेल्या गिअरची आहे. दाब-कोन (दाते एकमेकांना ज्या तिरप्या दिशेने ढकलतात तिचा स्पर्शरेषेशी होणारा कोन) २० अंश आणि दात्याची उंची पूर्ण धरली आहे.

कागदावर आधी काय लिहावे

मोटरची शक्ती आणि वेग, हवा असलेला आउटपुट वेग, त्या वेगात किती टक्के फरक चालेल, आउटपुट कोणत्या दिशेने फिरायला हवा आणि शाफ्ट कुठे ठेवता येतील. यातला टक्केवारीचा आकडा लोक हमखास विसरतात आणि नेमका तोच पुढे सर्वांत उपयोगी पडतो. कन्व्हेयरला दोन टक्के इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. लेथवर आटे पाडताना किंवा घड्याळात मात्र गुणोत्तर तंतोतंत लागते. सूट किती आहे हे कळले की दात्यांच्या जोड्या निवडायला मोकळीक मिळते.

गुणोत्तर म्हणजे इनपुट आरपीएम भागिले आउटपुट आरपीएम. एका जोडीत ते चालणाऱ्या गिअरचे दाते भागिले चालवणाऱ्या गिअरचे दाते इतके असते. बाहेरून जुळलेल्या दोन गिअरच्या प्रत्येक संपर्कात दिशा उलटते. संपर्क विषम असतील तर आउटपुट उलट फिरतो, सम असतील तर इनपुटच्याच दिशेने.

साधी ट्रेन कधी वापरावी

साध्या ट्रेनमध्ये प्रत्येक शाफ्टवर एकच गिअर असतो. मध्ये कितीही गिअर घातले तरी एकूण गुणोत्तर फक्त पहिल्या आणि शेवटच्या गिअरवर ठरते. मधल्या गिअरला आयडलर म्हणतात. तो दोनच कामे करतो: दिशा बदलतो आणि अंतर भरून काढतो.

समजा, दोन शाफ्ट ३०० मिमी दूर आहेत, गुणोत्तर २ हवे आहे आणि दोन्ही एकाच दिशेने फिरायला हवेत. मोड्यूल, म्हणजे मिमीतला पिच व्यास भागिले दाते, ३ घेऊ. पिच व्यास म्हणजे जुळलेले दोन गिअर जिथे एकमेकांना टेकतात असे मानतात त्या वर्तुळाचा व्यास. इनपुटवर २० दाते, आउटपुटवर ४० दाते. त्यांच्या पिच त्रिज्या ३० आणि ६० मिमी, बेरीज ९०. उरलेल्या २१० मिमीत आयडलरचा पिच व्यास बसला पाहिजे, म्हणजे २१० भागिले ३ = ७० दाते. पडताळा असा: पहिले केंद्रांतर (दोन गिअरच्या केंद्रांमधले अंतर) ३ × (२० + ७०) ÷ २ = १३५ मिमी, दुसरे ३ × (७० + ४०) ÷ २ = १६५ मिमी, एकूण ३००.

आकडे असे सरळ जुळले नाहीत तर डोके खाजवत बसू नका. शाफ्टचे अंतर २९६ मिमी असेल तर तोच ७० दात्यांचा आयडलर दोन शाफ्टना जोडणाऱ्या रेषेवर न ठेवता थोडा बाजूला सरकवा. १३५, १६५ आणि २९६ बाजूंचा त्रिकोण काढला की आयडलरचे केंद्र मिळते. आयडलर थोडा मोठाच निवडा. तो लहान पडला तर दोन्हीकडे एकदम पोहोचणारच नाही.

आयडलरचे दोन धोके कॅटलॉग पाहून लक्षात येत नाहीत. एक म्हणजे त्याच्या दात्यावर एका फेरीत दोन्ही बाजूंनी भार येतो: एका बाजूने ढकलला जातो, दुसऱ्या बाजूने ढकलतो. अशा उलटसुलट वाकण्यात थकव्याची ताकद कमी पडते. वाकण्यासाठीचा परवानगी ताण साधारण ७० टक्केच धरावा. दुसरा धोका त्याच्या शाफ्टला. तिन्ही केंद्रे एका रेषेत असतील तर दोन्ही संपर्कांचे त्रिज्येच्या दिशेतले बल एकमेकांना खोडतात, पण स्पर्शरेषेतले बल एकाच दिशेने येऊन दुप्पट होते. आयडलर ‘शक्ती घेत नाही’ म्हणून त्याला बारीक पिन आणि बुश देणारे बरेच असतात. ती पिन वाकते, बुश अंडाकृती होतो, मग आवाज सुरू होतो.

एका जोडीत किती गुणोत्तर झेपते

स्पर गिअरच्या एका जोडीत ४ ते ५ पर्यंत आरामात, ताणून ६. त्यापुढे मोठा गिअर अवाढव्य होतो. १६ गुणोत्तर एकाच जोडीत घ्यायचे आणि पिनियनला १८ दाते दिले तर गिअरला २८८ दाते लागतील. मोड्यूल ३ मध्ये त्याचा व्यास ८६४ मिमी. हेच १६ दोन टप्प्यांत, ४ गुणिले ४ करून घेतले की दोन्ही गिअर त्याच्या चौथाई आकारात येतात. मधल्या शाफ्टवर दोन गिअर घट्ट बसवलेले, एक घेणारा आणि एक देणारा, ही कंपाउंड ट्रेन. साधारण २५ पर्यंत दोन टप्पे, त्यावर तीन. प्रत्येक टप्प्यात दोनेक टक्के शक्ती घर्षणात जाते हे लक्षात ठेवावे, पण स्परमध्ये तो मोठा प्रश्न नसतो.

वर्गमूळ काढून दोन्ही टप्पे सारखे करणे ही चांगली सुरुवात आहे, नियम नव्हे. पहिल्या टप्प्यात टॉर्क कमी असतो, तिथे बारीक मोड्यूल चालतो आणि थोडे जास्त गुणोत्तर घेणे परवडते. दुसऱ्यात टॉर्क वाढलेला असतो, तिथे मोड्यूल जाड आणि गुणोत्तर किंचित कमी.

उदाहरण: १.५ किलोवॅट, १४४० आरपीएमवरून ९०

आउटपुट इनपुटच्याच रेषेत हवा आहे, दिशा तीच, वेगात दोन टक्के फरक चालेल. लागणारे गुणोत्तर १४४० ÷ ९० = १६. दोन टप्पे, दोन संपर्क, म्हणून दिशा आपोआप तीच राहते.

इनपुट आणि आउटपुट एका रेषेत असले की एक अट वाढते. दोन्ही टप्प्यांचे केंद्रांतर सारखे लागते. केंद्रांतर म्हणजे मोड्यूल गुणिले दोन्ही गिअरच्या दात्यांची बेरीज भागिले दोन. पहिल्या टप्प्यात मोड्यूल २, दुसऱ्यात २.५ आणि केंद्रांतर १०० मिमी धरले, तर पहिल्या जोडीच्या दात्यांची बेरीज १०० आणि दुसरीची ८० यायला हवी.

सरळ मनात येते ते २०–८० आणि १६–६४. गुणोत्तर बरोबर १६. पण १६ दात्यांच्या पिनियनला अंडरकट होतो: हॉब (दाते कापणारे फिरते हत्यार) दात्याचे मूळ आतून खातो आणि दाता बुडाशीच बारीक होतो. २० अंशाच्या दाब-कोनात ही मर्यादा गणिताने १७.१ येते, व्यवहारात १७ दाते बिनधास्त चालतात. १४.५ अंशाच्या जुन्या गिअरमध्ये हीच मर्यादा ३२ आहे, आणि २५ अंशात १२. एखाद्या जुन्या यंत्राचा गिअर बदलताना दाब-कोन न तपासता २० अंशाचा करून बसवला तर मोड्यूल जुळूनही दाते एकमेकांना कुरतडतात.

म्हणून दुसरा टप्पा १७–६३ घेऊ. गुणोत्तर ३.७०६. आता पहिल्याकडून साधारण ४.३२ हवे. १०० च्या बेरजेत १९–८१ ने ४.२६३ मिळते. एकूण १५.८०, आउटपुट ९१.१ आरपीएम. फरक १.३ टक्के, सुटीच्या आत. १८–८२ घेऊन पाहिले तर एकूण १६.८८ होते आणि फरक पाच टक्क्यांवर जातो, म्हणून ते बाद.

या निवडीतून फुकट मिळालेली गोष्ट म्हणजे १९ आणि ८१, तसेच १७ आणि ६३ यांना सामाईक भाजक नाही. २०–८० मध्ये पिनियनचा एक दाता आयुष्यभर गिअरच्या त्याच चार दात्यांना भेटतो. एखाद्या दात्यावर ओरखडा असेल तर तो त्या चौघांनाच खात राहतो. १९–८१ मध्ये प्रत्येक दाता पाळीपाळीने समोरच्या ८१ च्या ८१ दात्यांना भेटतो, झीज सगळीकडे सारखी पसरते. टायमिंगच्या खुणा जुळवायच्या असतात तिथे मात्र पूर्ण पटीचे गुणोत्तरच सोयीचे.

अगदी १६ च हवे असेल तर २०–८० आणि १६–६४ ठेवून पिनियनला प्रोफाइल शिफ्ट द्या. शिफ्टचा गुणांक (१७ वजा दाते) ÷ १७, म्हणजे १६ साठी ०.०५९, मोड्यूल २.५ ने गुणले की ०.१५ मिमी. पिनियन कापताना हॉब इतका बाहेर आणि ६४ च्या गिअरला तितकाच आत. केंद्रांतर १०० च राहते. दोन्ही ब्लँकचे (दाते कापण्याआधीच्या चकत्यांचे) बाहेरचे व्यास ०.३ मिमीने बदलतात हे ड्रॉइंगवर लिहायला विसरू नका, नाहीतर टर्नर नेहमीच्या सूत्राने ब्लँक करून ठेवेल.

कापण्याची सोयही आताच पाहा. हॉबिंग मशीन असेल तर ८१ आणि ६३ ला काही अडचण नाही. मिलिंगवर फॉर्म कटर (दात्यांमधल्या खाचेच्या आकाराचा) आणि ४०:१ च्या इंडेक्सिंग हेडने (हँडलच्या ४० फेऱ्यांत गिअर एकदा फिरवणाऱ्या) कापणार असाल तर १७ आणि १९ सहज होतात: १७ साठी हँडलच्या दोन फेऱ्या आणि प्लेटवरच्या १७ छिद्रांच्या वर्तुळात ६ छिद्रे, १९ साठी दोन फेऱ्या आणि १९ च्या वर्तुळात २ छिद्रे. ८१ आणि ६३ ला नेहमीच्या प्लेटवर वर्तुळच नसते. तिथे डिफरन्शियल इंडेक्सिंग (हँडलबरोबर प्लेटही गिअरने फिरवणे) लावावे लागते. हे गिअर कापायला टाकल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

टॉर्क आणि दात्याची ताकद

न्यूटन-मीटरमधला टॉर्क = ९५५० × किलोवॅट ÷ आरपीएम. इनपुटला ९.९५, मधल्या शाफ्टला ४२.४, आउटपुटला १५७ न्यूटन-मीटर. घर्षण इथे मुद्दाम वजा केलेले नाही. हिशेब थोडा जड राहिलेला चांगला.

भार जास्त असतो तो दुसऱ्या पिनियनवर, तिथून सुरुवात करू. पिच व्यास १७ × २.५ = ४२.५ मिमी. स्पर्शरेषेतले बल = २ × ४२.४ ÷ ०.०४२५, सुमारे २००० न्यूटन. भार मध्यम, झटके कमी म्हणून सर्व्हिस फॅक्टर १.२५. पिच रेषेचा वेग ०.७५ मीटर प्रति सेकंद, त्यामुळे वेगाचा गुणक ३ ÷ (३ + ०.७५) = ०.८. दात्यावरचा प्रत्यक्ष हिशेबाचा भार २००० × १.२५ ÷ ०.८ = ३१२५ न्यूटन.

लुईस सूत्राने वाकण्याचा ताण = भार ÷ (रुंदी × मोड्यूल × फॉर्म फॅक्टर). १७ दात्यांचा फॉर्म फॅक्टर (दात्याच्या आकाराचा गुणक) ०.३१५ येतो. रुंदी साधारण मोड्यूलच्या ८ ते १२ पट ठेवतात. ३० मिमी घेतली तर ताण १३२ न्यूटन प्रति चौरस मिमी. ईएन८ सारख्या स्टीलची ताण सोसण्याची ताकद ६०० धरून तिचा तिसरा हिस्सा, २००, परवानगी ताण मानला तर दीडपट सुरक्षितता आहे. बरेच जण हिशेब इथेच थांबवतात.

तो थांबवू नये. दाता तुटला नाही तरी झिजतो, आणि मऊ स्टीलमध्ये झीजच आधी संपवते. बकिंगहॅमच्या सूत्राने झिजेची ताकद = रुंदी × गुणोत्तर गुणक × पिनियनचा पिच व्यास × भार-ताण गुणक. गुणोत्तर गुणक २ × ६३ ÷ ८० = १.५७५. स्टीलवर स्टील आणि २० अंशांसाठी भार-ताण गुणक ०.१६ × (बीएचएन ÷ १००) चा वर्ग. बीएचएन म्हणजे ब्रिनेल पद्धतीने मोजलेला कठीणपणाचा आकडा. ईएन८ चा कठीणपणा २०० बीएचएन धरला तर झिजेची ताकद जेमतेम १२८५ न्यूटन भरते. लागतात ३१२५. वाकण्यात दीडपट सुरक्षित असलेली हीच जोडी झिजेत निम्म्याहूनही कमी पडते. असे गिअर काही महिने ठीक चालतात, मग पिच रेषेजवळ बारीक खड्डे पडू लागतात, दात्याचा आकार जातो आणि आवाज वाढत जातो.

उलट हिशेबाने किमान ३१२ बीएचएन लागते. ईएन२४ हार्डन-टेंपर करून (तापवून झटकन थंड करायचे, मग पुन्हा थोडे तापवायचे) सरासरी ३५० बीएचएनवर आणले तर ताकद ३९३६ न्यूटन, म्हणजे सव्वापट. पिनियन गिअरपेक्षा २०–३० बीएचएनने जास्त कठीण ठेवा, त्याचे दाते जास्त वेळा भार घेतात. यंत्र वारंवार भारासकट सुरू होत असेल तर सर्व्हिस फॅक्टर १.५ धरावा लागतो आणि भार ३७५० वर जातो. सुरक्षितता उरत नाही. मग २०एमएनसीआर५ सारखे केस-हार्डनिंगचे (फक्त वरचा थर कठीण करण्याचे) स्टील घ्या. उष्णता-प्रक्रियेत गिअर वाकडा होतो, म्हणून नंतर दाते ग्राइंड करायची तयारी ठेवा.

इथे एक सापळा आहे. झीज कमी पडते म्हणून मोड्यूल २.५ चा ३ करावा असे वाटते. केंद्रांतर आणि गुणोत्तर तेच ठेवून मोड्यूल वाढवला तर दाते कमी होतात, पिनियनचा व्यास जवळपास तोच राहतो, आणि झिजेच्या सूत्रात मोड्यूल कुठेच नाही. फायदा फक्त वाकण्यात होतो, वर अंडरकटची कटकट वाढते. झीज भागवायची तर कठीणपणा, रुंदी किंवा केंद्रांतर वाढवा. कठीणपणाचा परिणाम वर्गात येतो, त्यामुळे बहुतेक वेळा तोच सर्वांत स्वस्त उपाय.

पहिल्या टप्प्यात वेग २.८७ मीटर प्रति सेकंद, बल ५२४ न्यूटन, हिशेबाचा भार १२८० न्यूटन. २० मिमी रुंदीत ताण फक्त ९६, पण झिजेसाठी इथेही २५५ बीएचएन लागते. तेच ईएन२४ वापरले की प्रश्न मिटतो.

ड्रॉइंगसाठी आकडे असे. बाहेरचा व्यास = मोड्यूल × (दाते + २), दात्याची एकूण खोली मोड्यूलच्या २.२५ पट:

- १९ दाते, मोड्यूल २: पिच व्यास ३८, बाहेरचा ४२, रुंदी २२ मिमी
- ८१ दाते, मोड्यूल २: पिच व्यास १६२, बाहेरचा १६६, रुंदी २० मिमी
- १७ दाते, मोड्यूल २.५: पिच व्यास ४२.५, बाहेरचा ४७.५, रुंदी ३३ मिमी
- ६३ दाते, मोड्यूल २.५: पिच व्यास १५७.५, बाहेरचा १६२.५, रुंदी ३० मिमी

पिनियन दोन-तीन मिमी रुंद ठेवला की शाफ्ट किंचित इकडेतिकडे सरकला तरी पूर्ण रुंदीवर संपर्क राहतो, आणि मोठ्या गिअरवर पायरी पडत नाही.

शाफ्ट, की आणि जागा

कागदावरची ट्रेन सर्वांत जास्त वेळा इथेच अडते. मधला शाफ्ट २५ मिमीचा धरा. १७ दात्यांच्या पिनियनचा मुळाचा व्यास ४२.५ − ६.२५ = ३६.२५. बोअर (शाफ्टसाठीचे छिद्र) २५ वजा केला की प्रत्येक बाजूला ५.६ मिमी भिंत, त्यातून ८ × ७ च्या कीसाठी हबमधला (गिअरच्या मधल्या भागातला) ३.३ मिमीचा कीवे गेला, उरली २.३ मिमी. दात्याच्या खोलीच्या निदान १.२ पट, म्हणजे इथे पावणेसात मिमी भिंत हवी. तेव्हा हा पिनियन वेगळा करूच नका. शाफ्टवरच दाते कापा.

पहिल्या पिनियनचेही तेच. या शक्तीच्या चार पोलच्या मोटरचा शाफ्ट ९०एल फ्रेममध्ये २४ मिमीचा असतो. १९ दात्यांच्या पिनियनचा मुळाचा व्यास ३३ मिमी. कीवेवर जेमतेम १.२ मिमी राहते. मोटरच्या शाफ्टवर तो थेट चढवला तर हार्डनिंगमध्ये किंवा पहिल्या झटक्यालाच कीवेच्या कोपऱ्यातून चीर जाते. वेगळा इनपुट शाफ्ट करून त्यावरच पिनियन कापा आणि मोटरला लवचिक कपलिंगने जोडा. कपलिंगमुळे मोटरच्या बेअरिंगवर गिअरचा बाजूचा भारही येत नाही.

एकरेषीय मांडणीत इनपुट आणि आउटपुट शाफ्टची आतली टोके समोरासमोर येतात. त्यांच्या बेअरिंगसाठी बॉक्सच्या मध्ये एक भिंत लागते. ही भिंत सुरुवातीच्या स्केचमध्ये राहून जाते आणि मग बॉक्सची लांबी पुरत नाही. मोबदल्यात एक फायदा असतो: मधल्या शाफ्टवर दोन्ही संपर्क एकाच बाजूला येत असल्याने स्पर्शरेषेतली दोन बले परस्परविरुद्ध असतात आणि काही प्रमाणात खोडली जातात.

एकरेषीय गरज नसेल आणि तीन शाफ्ट ओळीने, दोनच भिंतींत ठेवायचे असतील तर आणखी एक तपासणी करा. मधल्या शाफ्टवरचा मोठा गिअर आउटपुट शाफ्टला घासता कामा नये. आपल्या उदाहरणात ८१ दात्यांच्या गिअरची बाहेरची त्रिज्या ८३ मिमी. आउटपुट शाफ्ट ३५ मिमीचा, त्रिज्या १७.५. बेरीज १००.५, आणि केंद्रांतर १००. म्हणजे हेच चार गिअर त्या मांडणीत बसणारच नाहीत. दुसऱ्या टप्प्याचे केंद्रांतर पहिल्या गिअरची बाहेरची त्रिज्या, शाफ्टची त्रिज्या आणि वर पाचेक मिमी मोकळीक इतके तरी हवे. आता केंद्रांतरे सारखी असण्याची सक्ती नसल्याने दुसऱ्या टप्प्याचे दाते वाढवून ते सहज करता येते.

तंतोतंत गुणोत्तर हवे असेल तेव्हा

लेथच्या चेंज गिअरमध्ये (आट्याचा पिच बदलण्यासाठी अदलाबदल करायच्या गिअरमध्ये) टक्केवारीची सूट नसते. तिथे लागणारा अपूर्णांक अवयवांत फोडून हाताशी असलेल्या गिअरमध्ये बसवायचा. लीड स्क्रूचा (हत्यार पुढे सरकवणाऱ्या लेथच्या स्क्रूचा) पिच ६ मिमी आणि कापायचा पिच १.७५ असेल तर गुणोत्तर ७/२४. त्याचे दोन भाग करा: ३५/६० गुणिले ४०/८०. वर चालवणारे, खाली चालणारे, म्हणजे इथे गुणोत्तर आधीच्या व्याख्येच्या उलट लिहितात. गुणाकार ७/२४ च येतो.

इंची लीड स्क्रूवर मिमीचे आटे पाडताना १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी आणि २५.४ × ५ = १२७; १२७ ही मूळसंख्या असल्याने ती इतर गिअरच्या गुणाकारातून मिळत नाही. १२७ चा गिअर बसायला जागा नसेल तर १२७/१०० ऐवजी ८०/६३ वापरतात. चूक सुमारे ०.०१२५ टक्के, म्हणजे १०० मिमी लांबीत ०.०१३ मिमी. बोल्टसाठी भरपूर, मायक्रोमीटरच्या स्क्रूसाठी नाही.

घड्याळात मिनिटकाट्यावरून तासकाटा चालवायला १२ हवे आणि दोन्ही काटे एकाच केंद्रावर, म्हणजे पुन्हा एकरेषीय अट. सारख्या मोड्यूलमध्ये १०–३० आणि ८–३२: गुणोत्तर ३ × ४ = १२, दोन्ही बेरजा ४०. ८ दात्यांचे पिनियन तिथे चालतात, कारण घड्याळाच्या दात्यांचा आकार वेगळा असतो. तो आकडा यंत्राच्या नेहमीच्या, इन्व्होल्यूट नावाच्या वक्र आकाराचे दाते असलेल्या गिअरला लावू नका.

बॅकलॅश आणि जुळणी

दाते अजिबात मोकळीक न ठेवता बसवले की तेल शिरत नाही आणि गरम होऊन गिअर जखडतात. ही मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, साधारण मोड्यूलच्या ०.०४ ते ०.०६ पट ठेवा: मोड्यूल २.५ साठी ०.१० ते ०.१५ मिमी. ती दात्याची जाडी किंचित कमी कापून मिळवायची, केंद्रांतर ताणून नव्हे. केंद्रांतर ०.०५ मिमीने वाढले की बॅकलॅश ०.०३६ ने वाढतो, कारण गुणक २ × टॅन २०, म्हणजे ०.७२८. बेअरिंगच्या बोअरचे अंतर १०० वर +०.०५ आणि −० असे द्या. उणेकडे जाऊ देऊ नका. दोन बोअर समांतर असणे याहून महत्त्वाचे, १०० मिमीत ०.०२ च्या आत. एकरेषीय बॉक्समध्ये तिन्ही भिंती एकाच पकडीत बोअर करा, नाहीतर एक टप्पा छान आणि दुसरा एका कडेवर चालतो.

इंडेक्सिंगसाठी ट्रेन करत असाल तर शेवटच्या टप्प्याचा बॅकलॅश आधी सांभाळा. आधीच्या टप्प्यातली मोकळीक आउटपुटला पोहोचेपर्यंत पुढच्या गुणोत्तराने भागली जाते; शेवटच्या टप्प्यातली जशीच्या तशी दिसते.

जुळणी झाल्यावर एक गिअर हलू न देता दुसऱ्याच्या पिच रेषेवर डायल गेज लावून बॅकलॅश मोजा, मोठ्या गिअरवर निदान चार ठिकाणी. चारही ठिकाणी आकडा बराच बदलत असेल तर गिअर बोअरला समकेंद्री नाही. मग पिनियनच्या दात्यांना निळी शाई लावून हाताने फिरवा. ठसा दात्याच्या मधोमध, रुंदीच्या बहुतेक भागावर उमटला पाहिजे. रुंदीच्या एकाच टोकाला उमटला तर शाफ्ट समांतर नाहीत. फक्त दात्याच्या शेंड्याशी किंवा मुळाशी उमटला तर केंद्रांतर किंवा दाब-कोन चुकला आहे. तसा गिअर ‘चालून चालून बसेल’ म्हणून सोडू नका.

तेलासाठी या वेगाला बुडवून चालणारी पद्धत पुरते. सर्वांत खालच्या मोठ्या गिअरचे दाते पूर्ण उंचीच्या एक ते दोन पट बुडतील इतकी पातळी ठेवा. आयएसओ व्हीजी २२० गिअर ऑइल योग्य. पातळी जास्त झाली तर तेल घुसळून गरम होते, फेस येतो आणि सीलमधून गळू लागते. तेल कमी आहे समजून वर आणखी ओतले तर त्रास वाढतोच.

चालू केल्यावर आवाज नीट ऐका. प्रत्येक दात्याच्या संपर्काचा सूर दाते गुणिले सेकंदाच्या फेऱ्या इतका असतो: पहिल्या टप्प्यात १९ × २४ = ४५६ हर्ट्‌झ, दुसऱ्यात १७ × ५.६३, साधारण ९६ हर्ट्‌झ. किंचाळणारा सूर असेल तर पहिला टप्पा उघडा, जाड घरघर असेल तर दुसरा. सूर एकसारखा नसून सेकंदाला पाच-सहा वेळा ठोका पडत असेल तर तो मधल्या शाफ्टचा वेग आहे: त्या शाफ्टवरच्या एखाद्या दात्यावर ओरखडा आहे, किंवा ८१ चा गिअर तिरका बसला आहे. पहिले तेल ५० तासांनी काढा आणि चुंबकावरून फिरवा. बारीक करडी पूड साहजिक आहे. नखाला टोचतील असे चकाकते पापुद्रे मिळाले तर बॉक्स बंद करायच्या आधी १७ दात्यांच्या पिनियनची पिच रेष भिंगाखाली पाहा.